जागा सोडता न येणारी माणसे

२०२५ सालच्या फेब्रुवारीत एका दिवसाच्या आत दोन बातम्या आल्या. बेळगाव तालुक्यात बाळेकुंद्रीजवळ कर्नाटकाच्या बसमधील कंडक्टरला मारहाण झाली. तिकिटावरून बोलाचाली, त्यात मराठी-कानडीचा विषय निघाला आणि पुढे हात उठले, असे सांगण्यात आले. पाठोपाठ चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राची एस.टी. अडवून तिच्या ड्रायव्हरच्या तोंडाला काळे फासल्याची बातमी आली. मग दोन्हीकडच्या गाड्या काही दिवस सरहद्दीपर्यंतच येऊन थांबू लागल्या. निपाणीचा रोगी कोल्हापूरला कसा जाणार आणि चंदगडचा विद्यार्थी बेळगावच्या कॉलेजात कसा पोचणार, याची फिकीर त्या दिवसांत कुणाला नव्हती. त्या प्रकरणात उलटसुलट तक्रारीही झाल्या. त्यातले खरे-खोटे ठरवणे माझे काम नव्हे, आणि या लेखाचा तो विषयही नव्हे.

विषय निघाला तो आमच्या घरात, जेवणाच्या पानावर. माझे मेहुणे गणपत गल्लीत कापडाचे दुकान चालवतात. वर्तमानपत्रात त्यांनी कलमे वाचली होती. म्हणाले, "भाऊजी, मला एक सांगा. उद्या कुणी दुकानात शिरून माझ्या थोबाडीत दिली, तर त्याला फार तर तीन महिने. कंडक्टरला दिली तर दोन वर्षं. आठपट! त्याच्या गालाला काय सोनं लागलंय?"

प्रश्न थट्टेचा होता, पण हिशेब बरोबर होता. साध्या बलप्रयोगाला जुन्या दंडसंहितेच्या ३५२ कलमात तीन महिन्यांपर्यंत कैद होती, आणि लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेल्या बलप्रयोगाला ३५३ कलमात दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ही कलमे १३१ आणि १३२ झाली, आकडे तेच राहिले. दुखापत झाली तर प्रमाण थोडे बदलते, साध्या माणसाला एक वर्ष आणि लोकसेवकाला आता पाच. पण मुद्दा तोच. माणसामाणसांत कायदा हा भेद का करतो? घटनेने सर्वांना समान मानले आहे, आणि मार तर सर्वांना सारखाच लागतो.

मी तेहतीस वर्षे टपालखात्यात काढली, त्यातली बरीचशी खिडकीवर. हा प्रश्न मला जेवणाच्या पानावरून उठल्यावरही सोडीना.

जुने उत्तर सरळ होते. दंडसंहिता १८६० सालची. ती करणाऱ्यांना कंडक्टरची फिकीर नव्हती, कंडक्टर तेव्हा नव्हताच. त्यांना फिकीर होती ती अंमल बसवण्याची. साहेबाच्या शिपायावर उचललेला हात म्हणजे सरकारवर उचललेला हात. साथीच्या रोगांचा कायदा घ्या. प्लेगच्या वेळी, १८९७ साली, तो अवघ्या चार कलमांत आटोपला होता. त्यातल्या चौथ्या कलमाने संरक्षण दिले ते कुणाला? सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला, लोकांच्या दाव्यांपासून. पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, माणसे उचलून नेली, त्या अपमानाबद्दल लोकांनी कोर्टात जायचे म्हटले, तर वाटेत हे कलम उभे. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर गोळी का झाडली गेली, ते मराठी माणसाला नव्याने सांगायला नको.

त्या कायद्याचे नशीब पाहा. तोच कायदा २०२० च्या कोविडात पुन्हा बाहेर काढला गेला आणि २२ एप्रिलला वटहुकूम काढून त्यात भर घातली गेली. आता त्याने संरक्षण दिले नर्सला, वॉर्डबॉयला, घरोघर माणसे मोजत फिरणाऱ्या आशाताईला. मारहाणीला तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर दुखापत केली तर सहा महिने ते सात वर्षे कैद, तीस दिवसांत तपास, वर्षभरात खटल्याचा निकाल. एकशे तेवीस वर्षांपूर्वी दारावर आलेल्या माणसापासून घरातल्यांना वाचवायला हवे होते, आता दारावर आलेल्या बाईला घरातल्यांपासून वाचवणे आले. कायदा एक, आणि त्याची पाठराखण मात्र अगदी उलट्या बाजूला गेलेली. तेव्हा 'सरकारचा मान' हे उत्तर आता चालणार नाही. आशाताईच्या हातातल्या वहीत सरकारचा कसला दरारा असतो?

दुसरे उत्तर माझे एक वकील स्नेही देतात. म्हणतात, शिक्षा जास्त आहे ती माणसासाठी नाही, कामासाठी आहे. कंडक्टरला मारले की बस थांबते, बस थांबली की साठ माणसे खोळंबतात. मार एकाला आणि तोटा साठांना, म्हणून शिक्षा मोठी. हे उत्तर मला निम्मे पटते. कलमाची भाषाही तशीच आहे, 'कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी' असे शब्द आहेत. पण हे उत्तर पुरते धरून चालले तर अडचण येते. काम अडवणे हाच जर गुन्हा, तर सकाळी अकराला खिडकी लावून पाऊण तास चहाला जाणाऱ्याचे काय? रांग त्यानेही खोळंबवलीच की. आणि आणखी एक. या उत्तरात कंडक्टर हा माणूस न राहता नळाची पाइप होतो, फुटली की पाणी बंद म्हणून तिला जपायचे. मार खाल्लेल्या माणसाला जर आपण असे सांगितले की बाबा, तुझ्या गालाचे आम्हाला काही नाही, आमची बस चुकली म्हणून आम्ही रागावलोय, तर त्याला काय वाटेल?

माझे उत्तर खिडकीवर बसून आलेले आहे, म्हणून ते थोडे घरगुती आहे.

आमच्या भागात एका माणसाची दोन-तीन नावे असतात. शाळेच्या दाखल्यावर मराठीत 'आप्पासाहेब', रेशनकार्डावर कानडीतून आलेले 'अप्पासाब', बचतपत्रावर इंग्रजीत आणखी तिसरेच. आडनावातला 'ळ' एका कागदावर असतो, दुसऱ्यावर 'ल' होतो. सहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन ठेवलेल्या पैशाची मुदत भरते, मुलीचे लग्न आठ दिवसांवर आलेले असते, आणि खिडकीतला माणूस म्हणतो, "नाव जुळत नाही, अ‍ॅफिडेव्हिट आणा." समोरचा माणूस मला तीस वर्षे ओळखतो, मी त्याला ओळखतो. त्याचे नाव काय आहे ते दोघांनाही ठाऊक आहे. तरी मी पैसे देऊ शकत नाही, कारण उद्या तपासणीत ते माझ्या पगारातून कापले जातील. तो माणूस खिडकीची जाळी धरून गदागदा हलवतो आणि म्हणतो, "आम्ही टॅक्स भरतो, तुम्ही आमचे नोकर!" हे वाक्य मी मराठीत, कानडीत आणि हिंदीत सारख्याच आवाजात ऐकले आहे. भाषेचा वाद तिथे तरी कधी आला नाही.

त्याचा राग खोटा नसतो. मीही त्याच्या जागी असतो तर रागावलो असतो. पण आमच्या दोघांत एक फरक आहे. तो रागावून निघून जाऊ शकतो. मी जाऊ शकत नाही. तो मला वाटेल ते बोलू शकतो, मी उलट बोललो तर 'ग्राहकाशी उद्धट वर्तन' म्हणून मेमो. ज्या नियमावरून भांडण चालले तो मी केलेला नाही, आणि मोडूही शकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खिडकीवर, त्याच खुर्चीवर मीच असणार, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

माझ्या मेहुण्यांना ही अडचण नाही. तापट गिऱ्हाईक आले तर ते हात जोडून म्हणतात, "आमच्याकडे नाही ओ, पुढच्या दुकानात बघा." त्या एका वाक्यात त्यांचे सगळे संरक्षण आहे. गिऱ्हाईक निवडण्याचा, नाकारण्याचा, वेळ पडली तर शटर ओढून घेण्याचा हक्क. कंडक्टरने हा हक्क नोकरी घेतानाच सरकारजमा केला. हात करील त्याला त्याने घेतले पाहिजे, दारू प्यायलेल्यालाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, पण फुकटाचेही तिकीट फाडावे लागते. ओळखपत्र बघावे लागते, शून्य रुपयाचे तिकीट द्यावे लागते आणि डोकी व तिकिटे जुळली नाहीत तर तपासनिसापुढे जबाब त्यालाच द्यावा लागतो. प्रवाशाला वाटते हा उगाच छळतोय. छळतोय दुसराच कुणीतरी, तो गाडीत नाही.

माझ्यापुढे निदान जाळी होती. कंडक्टरपुढे काही नाही. दाटीत तो माणसांच्या मधोमध उभा असतो, दोन्ही हात तिकिटात गुंतलेले, आणि गाडी उभी केल्याशिवाय त्याला उतरताही येत नाही. मग ती गाडी उद्या त्याच गावातून जाणार असते.

तेव्हा मेहुण्यांना मी असे सांगितले: गालाला सोने लागलेले नाही. आपण त्या माणसाकडून मागे सरण्याची, दार लावून घेण्याची, उलट बोलण्याची मुभा काढून घेतली आहे. साध्या माणसाला आपले रक्षण करायला जे जे मिळते ते त्याने आपल्यासाठी खाली ठेवले आहे. कायद्याने वरचे एक वर्ष नऊ महिने दिले, ते त्या बदल्यात. ती मेहेरबानी नाही, परतफेड आहे.

ते म्हणाले, "मग तुमच्या साहेबाला कशाला हवं ते कलम? त्याच्या दाराशी तर शिपाई असतो."

खरे सांगायचे तर त्यांनी माझ्याआधी पुढची पायरी गाठली. कारण हे कारण एकदा मानले की कायद्याची सगळी यादी उलटीपालटी दिसू लागते. ज्याच्या दाराला पडदा आहे, पडद्याशी शिपाई आहे, आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य ज्याच्यासाठी दिवसातून वीसदा उच्चारले जाते, तोही लोकसेवक आणि त्यालाही तेच कलम. वर त्याच्यावर खटला भरायचा तर कित्येक वेळा सरकारची परवानगी आधी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्या परवानगीला एकशे वीस दिवसांची मुदत घातली गेली, एवढीच सुधारणा. ज्याच्या हातात काठी आहे त्यालाही तेच कलम आणि ज्याच्या हातात तिकिटाचे यंत्र आहे त्यालाही तेच. आणि खाजगी बसच्या कंडक्टरला? त्याला काही नाही. एस.टी. महामंडळाच्या नोकराला १९५० च्या मार्ग परिवहन कायद्याने लोकसेवक ठरवले आहे. खाजगीवाला त्याच रस्त्यावर, त्याच प्रवाशांपुढे तसाच उभा असतो, पण त्याचा गाल माझ्या मेहुण्यांच्या भावाने.

डॉक्टर-नर्सपुरते राज्यांनी वेगळे कायदे केले, कर्नाटकाने २००९ साली आणि महाराष्ट्राने २०१० साली. त्यांत खाजगी दवाखानेही घेतले, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला. हे मला बरोबर वाटते, कारण तिथे कायद्याने पगार कोण देतो हे न पाहता कोण उघड्यावर उभा आहे ते पाहिले. मध्यरात्री अत्यवस्थ मुलाला घेऊन पन्नास माणसे येतात तेव्हा 'पुढच्या दवाखान्यात बघा' असे डॉक्टरला म्हणता येत नाही. अर्थात शिक्षा छापल्याने दवाखाने सुरक्षित झाले, असे कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीचे जे झाले, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयालाच सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले. कलमे तेव्हाही होतीच.

आमच्या सीमाभागाची तर आणखी एक गंमत. महाराष्ट्राने २०१८ पासून ३५३ ची शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली होती. म्हणजे काही वर्षे अशी होती की, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीच्या पलीकडे कंडक्टरला थप्पड मारली तर पाच वर्षांपर्यंत आणि अलीकडे बाचीत मारली तर दोन. गाडी तीच असेल, थप्पडही तीच. सरहद्दीने आमचे काय काय वाटून घेतले याच्या यादीत हेही असू द्यावे. पुढे महाराष्ट्रातच तक्रार सुरू झाली की, आंदोलन करणाऱ्यावर, जाब विचारणाऱ्यावर हे वाढीव कलम सर्रास लावले जाते.

ती तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बंगळूरच्या एका जोडप्याने पोलीस अधिकाऱ्याने अरेरावी केली म्हणून वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तसे लिहिले, तर त्यांच्यावर ३५३ लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते रद्द केले: पानावर लिहिणे म्हणजे बलप्रयोग नव्हे. २०२४ साली त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितले की, पकडायला आलेल्यांच्या हातून सुटण्यासाठी केलेली ढकलाढकल म्हणजे लोकसेवकावरचा हल्ला होत नाही. न्याय मिळाला, पण कुठे जाऊन? इतक्या वर जाणे किती जणांना परवडते?

आणि दुभाषी जिल्ह्यात धोका जास्त. आमची बेळगावी बोली मुळातच चढ्या आवाजाची. "काय ओ, किती वेळ झाला!" हे आम्ही सख्ख्या भावालाही असेच म्हणतो. विजापूर-बिदरकडून नव्याने बदलून आलेल्या कारकुनाला त्यातला शब्द कळत नाही, फक्त आवाज कळतो. आपल्यालाही त्याच्या कानडीतला शब्द न कळता आवाजच कळतो. दोघांनाही वाटते, समोरचा शिवी देतोय. अशा जागी 'धमकावले' हे फार स्वस्त होते. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत लिहून मांडण्याचा हक्क दिला आहे. मराठीत अर्ज दिला म्हणून तो भिरकावणारा अधिकारी हा हक्क मोडतो, आणि त्याला जाब विचारणे हा गुन्हा नाही, मोठ्याने विचारणे हाही नाही. मराठी कागदपत्रांची आमची मागणी जुनी आहे, रास्त आहे आणि ती कंडक्टरच्या हातात नाही. ती ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत आपला आवाज पोचत नाही, म्हणून जो हाताशी सापडतो त्याच्यावर आपण तो काढतो. चित्रदुर्गाला तिकडच्यांनीही तेच केले.

हे मी एका सभेनंतर बोललो तेव्हा आमच्यातले एक वडीलधारे भडकले. म्हणाले, "शहाऐंशी साली आमच्यावर काठ्या-गोळ्या चालल्या, तेव्हा कुठं होता तुमचा लोकसेवक?" मी गप्प राहिलो नाही. काठी चालवणारा आणि तिकीट फाडणारा या दोघांना एका नावाने हाक मारणे हीच तर कायद्याची खोड आहे, ती आपण कशाला उचलायची, असे म्हणालो. काठीवाल्याकडून हिशेब मागायलाच हवा, तो कोर्टात आणि सभेत मागावा.

गांधी याच्याही पुढे गेले होते. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यात जमावाने ठाणे पेटवून वीसहून अधिक पोलीस मारले. त्या पोलिसांनी आधी गोळीबार केला होता, आणि सरकार तर परके. तरी गांधींनी ऐन भरातली चळवळ थांबवली. जवळचे लोकही चिडले. त्यानंतर तीन वर्षे व्हायच्या आत, डिसेंबर १९२४ मध्ये, ते आमच्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकच अधिवेशन. आपण त्या अधिवेशनाची शताब्दी केली, विहिरीपाशी फोटो काढले. पण गणवेशातल्या, हाती शस्त्र असलेल्या माणसाचाही जीव चळवळीपेक्षा मोठा मानणे मला अजून पुरते झेपत नाही. निःशस्त्र, जागा सोडता न येणाऱ्या माणसापर्यंतच माझी मजल आहे.

तेवढ्यावरही यादी बरीच मोठी होते. आमच्या गल्लीत पाणी सोडायला एक माणूस येतो. पाणी कधी चार दिवसांनी येते, कधी आठ. तो चावी फिरवायला वाकला की दोन्ही बाजूच्या घरांतून ओरड सुरू होते, "काल त्या गल्लीला जास्त सोडलंस!" मागच्या उन्हाळ्यात त्याची सायकल कुणीतरी गटारात टाकली, आणि त्याला धक्काबुक्कीही झाली. तो कंत्राटदाराकडे नोकरीला आहे, कंत्राटदार दुसऱ्या कुणाकडून काम घेतो, ते काम महापालिकेचे. मी वकील स्नेह्यांना विचारले, हा लोकसेवक की नाही? त्यांनी चष्मा काढून पुसला, नवी संहिता चाळली, व्याख्येवर बोट ठेवून दोनदा वाचली आणि म्हणाले, "कंत्राटी आहे म्हणता? मग बघावं लागेल."

अजून ते बघताहेत. पाणीवाल्याने तक्रार दिली नाही. विचारले तर म्हणाला, "ही गल्ली माझ्याकडंच आहे ओ. परवा परत यायचंच आहे."